दोघांचंही ऐकणारं मशीन

समस्त वऱ्हाडवासीयांस, आणि विशेषतः अमरावती थोर की अकोला या वादात ज्यांनी एकदा तरी आवाज चढवला आहे अशा प्रत्येकास, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की तो वाद मिटलेला आहे. मिटवणारा कोणी पुढारी नव्हता, एक कर्नेल होता. त्याने निकाल दिला की दोघांचंही ऐकायचं. या निकालाचे परिणाम एका बाजार समितीच्या आवारात, भर लिलावात, तुरीच्या ढिगांसमोर जाहीर झाले. त्या वेळी मी तिथे हजर होते, एका धिप्पाड हमालाच्या मागे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मशीन सुरू झालं की बाकी सगळं त्याच्या जिवावर चालतं. मी तेव्हा अमरावतीला घरच्या पुढच्या खोलीत संगणकाचे क्लास घ्यायचे आणि उरलेल्या वेळात छोट्या मशीनसाठी कर्नेल बांधायचे. सासूबाई शेजारच्या बायांना सांगत, "आमची सून दिवसभर मशीन उठवते अन् झोपवते." माझ्या व्यवसायाचं इतकं अचूक वर्णन पुढे मलाही कधी जमलं नाही.

उठवणं हेच मुख्य काम होतं. ते दिवस लोडशेडिंगचे होते. वीज जायची वेळ ठरलेली असे, यायची नसे. पुण्या-मुंबईत मशीन एकदा सुरू केलं की महिनोन् महिने चालत राहतं म्हणतात. आमच्याकडे ते रोज मरायचं आणि रोज जन्माला यायचं. त्यामुळे चालणारं मशीन कोणीही बनवो, वऱ्हाडात किंमत होती ती आपोआप उठणाऱ्या मशीनला.

आमच्या जिल्ह्यांची नावं त्या वर्षांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायची, आणि कारण कधीच चांगलं नसायचं. दिल्लीच्या गाड्या येत, बांधावर फोटो निघत, पॅकेज जाहीर होई. त्या पॅकेजांच्या पाठोपाठ बाजार समित्यांमध्ये एक नवी टूम आली: भाव शेतकऱ्याला दिसला पाहिजे. लिलावात पुकारलेला भाव लगेच मोठ्या लाल आकड्यांत झळकला पाहिजे, म्हणजे कानात एक आणि पावतीवर दुसरा असं व्हायला नको. चांदूर बाजारच्या पुढे एका समितीच्या सचिवांनी असा एक फलक चाचणीला मागवला होता. जमला तर त्यांच्या सगळ्या उपबाजारांत लागणार होता.

तो फलक आम्ही दोघं मिळून बनवत होतो. मी अमरावतीची. दुसरे अकोल्याचे, जठारपेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेले एक भाई. वयाने माझ्यापेक्षा मोठे, मला ताई म्हणत. आवाज नाटकातल्या राजासारखा, आणि सोल्डरिंग करताना जीभ बाहेर. त्यांच्या दुकानात गेलं की तिन्ही भिंतींवर टीव्ही आणि टेपरेकॉर्डर मांडलेले दिसत. सगळे दुरुस्त. सगळे चालू. खेड्यांतून लोकांनी आणून टाकलेले, आणि मग न्यायला कोणीच आलं नव्हतं.

"यायले काय करू?" भाई म्हणत. "इकू शकत नाई, कारन माहे नाईत. फेकू शकत नाई, कारन चांगले हायेत. पाव्हने झाले हे."

पाहुणे वाढत होते, गिऱ्हाईक नव्हतं. भाईंचे मेहुणे सुरतेला होते आणि तिथल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकच्या कामावर यायला बोलावत होते. भाईंनी मला सरळ सांगून टाकलं होतं: बोर्ड पास झाला तर दुकान राहील, नाहीतर मार्चमध्ये शटर पाडून सहकुटुंब सुरत. "मले सुरतेत करमनार नाई ताई," ते म्हणाले. "तिकडं लोक तुरीच्या दायीतबी साखर टाकतेत."

तर सगळं त्या एका फलकावर येऊन ठेपलं होतं. आणि फलक आमच्या एका भांडणावर.

भांडण समजण्यासाठी एवढंच कळायला हवं. वीज आली की मशीनमध्ये सर्वांत आधी बूटलोडर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम उठतो. तो कर्नेलला उठवतो आणि उठवता उठवता त्याच्या कानात एका ओळीत सूचना सांगतो: तुझा पसारा अमुक डिस्कवर आहे, उठतानाची बडबड तमुक पोर्टमधून, म्हणजे वायर लावायच्या खाचेतून, कर. यांना बूट ऑप्शन म्हणतात. पण कर्नेल बांधणारीही अशीच एक ओळ त्याच्या पोटात आधीच शिवून ठेवू शकते. म्हणजे माहेरून शिकवून पाठवलेलं वेगळं आणि उंबरठ्यावर सासूने कानात सांगितलेलं वेगळं. कर्नेलने कोणाचं ऐकायचं?

पोटातली ओळ माझी, कारण कर्नेल अमरावतीत बांधला जाई. कानातली ओळ भाईंची, कारण बूटलोडर ते अकोल्यात भरत. आणि देवाणघेवाण व्हायची मूर्तिजापूर स्टेशनवर. ते अकोल्याहून गाडीने येत, मी बडनेऱ्याहून. फलाटावरच्या बाकावर मी त्यांना नव्या कर्नेलचं मेमरी कार्ड द्यायचे, ते मला मागच्या वेळच्या तक्रारी द्यायचे. पलीकडे छोट्या लाइनचे रूळ गवतात पडलेले असत. मधल्या स्टेशनवर भेटायचं हेही असंच ठरलं होतं की कोणी कोणाच्या गावी गेलं असं व्हायला नको.

त्या दिवशी भाई गाडीतून उतरले तेच तणतणत.

"ताई, तुमी माही लाइन काढून टाकली?"

"काढली नाही भाई. तुमची लाइन जागेवरच हाय. कर्नेल आता तिच्याकडे पायत नाही एवढंच. पोटात जे शिवलं तेच करते."

"म्हंजे माह्यासमोर मान हालवन, अन् करन आपल्याच मनचं."

"हो."

"हे तं जवाई झालं!"

बाकावरचे दोन अनोळखी प्रवासी आमच्याकडे वळून बसले. भाईंना श्रोते मिळाले की त्यांची उंची वाढे.

"माह्या दुकानात मशीन उठतानी काय बोलून राहिलं ते मले पाहा लागते. बिमाराची नाडी नको पाहू? अन् मले फक्त पयल्या पोर्टवर दिसते. दुसऱ्या पोर्टची वायरच नाई माह्याजोळ."

"पण भाई, पयल्या पोर्टवर तं आपला बोर्ड लागते. त्याच्यात बडबड नको जायला. म्हनून मी दुसऱ्या पोर्टवर टाकली."

"मंग तुमीच बोर्डबी बनवा," भाई म्हणाले आणि कार्ड माझ्या हातात परत ठेवून पाठ करून बसले.

अनोळखी प्रवाशांपैकी एकाने मला खुणेने सांगितलं, समजूत काढा.

त्या जातीच्या कर्नेलमध्ये तेव्हा दोनच तयार सोयी होत्या. एक, बूटलोडरचं ऐक, आणि तो काहीच बोलला नाही तरच पोटातलं वाच. दोन, बूटलोडर काहीही बोलो, पोटातलंच खरं. पहिलीत अमरावती खाली बसत होती, दुसरीत अकोला. मी म्हटलं, "भाई, मी तिसरी सोय करते. दोन्ही ओळी जोडते. तुमची ओळ पयली, माही तिच्यामागं."

"पयली?" भाईंनी अर्धी मान वळवली.

"पयली."

कार्ड पुन्हा त्यांच्या खिशात गेलं. पहिलं पान त्यांच्यापुढे वाढलं गेलं, मान राहिला. दोन ओळींत एकाच गोष्टीबद्दल दोन सूचना आल्या तर कर्नेल शेवटची खरी धरतो, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी जोडणीच्या चार ओळी लिहिल्या. पहिल्या प्रयत्नात मशीन उठलंच नाही, कारण दोन ओळींच्या मधे रिकामी जागा सुटली नव्हती. त्यांचा शेवटचा शब्द आणि माझा पहिला शब्द एकमेकांना चिकटून एक तिसराच शब्द तयार झाला होता, आणि त्या शब्दाशी कर्नेलची ओळख नव्हती. फोनवर हे सांगितलं तेव्हा भाई म्हणाले, "दोघाच्या मधात जराशीक जागा पाहिजेनच ताई. हे मले लगन झाल्यावर लवकरच समजलं."

जागा सोडली आणि मशीन उठलं. मी खातरजमाही केली. भाईंच्या ओळीत मुद्दाम चुकीच्या डिस्कचं नाव घालून पाहिलं, माझ्या ओळीत बरोबर. कर्नेल निमूटपणे माझ्या डिस्कवरून उठला. शेवटी बोलणाऱ्याचं खरं झालं. मी समाधानाने चहा केला.

अकोल्यात भाईंनीही खातरजमा केली. त्यांनी पहिल्या पोर्टला आपली वायर लावली, मशीन उठताना काय बोलतं ते पाहिलं, सगळं ठीक दिसलं. मग वायर काढून त्याच पोर्टला फलक लावला आणि कळफलकावरून भाव टाकून पाहिला. लाल आकडे झळकले. तेही समाधान पावले. मशीन उठताना फलक पोर्टवर नव्हता, आणि फलक लागला तेव्हा मशीन उठून बसलेलं होतं, ही गोष्ट दोन्ही शहरांत कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्या हिशेबाने तर पहिल्या पोर्टवर बडबड व्हायलाच नको होती. भाईंना ती दिसत होती. त्यांना वाटलं, ताईंनी शब्द पाळला. म्हणून ते मला काही बोलले नाहीत.

फलकाच्या आतलं डोकं भाईंचं होतं आणि साधं होतं. पोर्टमधून काहीही येवो, त्यात चार आकडी संख्या दिसली तर ती दाखवायची, बाकी सगळं गाळून टाकायचं. आणि दाखवलेली संख्या चार श्वास तरी हलू द्यायची नाही, म्हणजे मागच्या माणसालाही वाचता येईल.

"भाव तीन आकड्यांवर आला तर काय करणार?" मी विचारलं होतं.

"तवा बोर्डाकडं कोन पायते ताई? तवा तं यार्डच पेटून राहीन."

चाचणीचा दिवस तुरीच्या भर हंगामातला. आवारात ओट्यांवर ढीग लागलेले, प्रत्येक ढिगाशेजारी त्याचा मालक उकिडवा बसलेला. व्यापाऱ्यांचा घोळका ढिगामागून ढीग पुढे सरकत होता, अडते भाव पुकारत होते. तूर दोन हजारांच्या आत-बाहेर रेंगाळत होती आणि त्यावर कोणीच खूश नव्हतं. सचिव मात्र फलकाखाली उभे राहून माणसांकडे बघत होते. बारीक अंगाचे, कधीही न हसणारे गृहस्थ. आदल्या हंगामात भाव कोसळला तेव्हा त्यांच्या कार्यालयाच्या सगळ्या काचा फुटल्या होत्या, आणि आता तिथे पत्रे ठोकलेले होते. आम्हाला आल्या आल्या त्यांनी एकच सांगितलं होतं, "मॅडम, भाई, बोर्ड नाही चालला तर मले चालते. बोर्डामुळे बोंबाबोंब झाली तर मले चालत नाही. मंग दोघांनीबी पुन्हा तोंड दाखवू नका."

सकाळ सुरळीत गेली. भाईंनी दुकानातल्या सवयीने आधी मशीन उठवलं, मग फलक जोडला. अडत्याने भाव पुकारला की समितीचा कारकून कळफलकावर टाकी, आणि वर खांबावर तो झळके. लोक एकदा फलकाकडे आणि एकदा अडत्याच्या तोंडाकडे बघत. भाई खांबाला हात लावून नवरदेवाच्या बापासारखे उभे होते.

मग ठरल्या वेळी वीज गेली. फलक विझला. लिलाव तोंडी चालू राहिला. सगळ्यांनाच सवय होती.

आणि मग, न ठरलेल्या वेळी, वीज आली.

मशीन उठलं. या वेळी फलक पोर्टवर आधीपासून लटकलेला होता. वर एक आकडा झळकला, तो चालू सालाचा. कर्नेल उठताना आपण कधी बांधलो गेलो त्याची तारीख सांगतो, त्यातला. कोणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण तुरीचा भाव तेव्हा जवळपास सालाइतकाच होता. मी मात्र तो आकडा ओळखला. कर्नेल पहिल्या पोर्टमधून बोलत होता.

बडबड कुठून करायची ही सूचना इतर सूचनांसारखी नसते, हे मला तिथे, तुरीच्या धुळीत उभ्या उभ्या कळलं. डिस्क एकच असू शकते, म्हणून तिथे शेवटचं नाव आधीच्या नावाला खोडतं. पण तोंडं कितीही असू शकतात. दोघांनी दोन पोर्ट सांगितले तर कर्नेल एकालाही नाराज करत नाही, दोन्हींतून बोलतो. इतका समजूतदारपणा मी माणसांत पाहिलेला नव्हता.

यानंतर कर्नेलने, त्याच्या रिवाजाप्रमाणे, आपल्याला मिळालेली जोडओळ मोठ्याने वाचून दाखवली. त्या ओळीत भाईंच्या पोर्टचा वेग लिहिलेला होता. चार आकडी. माझ्या पोर्टचा सहा आकडी होता, तो गाळला गेला.

फलकावर आलं: ९६००.

अडत्याने पुकारता पुकारता फलकाकडे पाहिलं.

"काय लिवलं हाय थे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"शहाण्णवशे."

"तुरीले?"

"तुरीले."

म्हातारा उठला आणि आपल्या ढिगावर जाऊन बसला. "माह्या ढिगाले कोनी हात लावू नका बे!"

"मशीन बिघडलं! मशीन बिघडलं!" अडता ओरडला.

"आता बिघडलं काय?" ढिगावरून उत्तर आलं. "सकायी दोन हजार दाखवत होतं तवा मस्त होतं?"

त्यावर हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. माणसं ओट्यांवरून उतरून व्यापाऱ्यांच्या भोवती जमू लागली. एकाने तर व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फलकाकडे बोट दाखवलं, अगदी प्रेमाने. सचिवांनी कार्यालयाच्या पत्र्यांकडे पाहिलं. कारकून दोन्ही हात कळफलकापासून लांब धरून बसला होता, आपण काही केलेलं नाही हे सर्वांना दिसावं म्हणून. आणि भाई खांबाला पाठ टेकून माझ्याकडे बघत होते. त्यांचा नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, अगदी हळू म्हणाले, "ताई, सुरतेले कोनती गाडी जाते?"

मी हमालाच्या मागे सरकले ती इथे.

पण कर्नेलचं बोलणं संपलं नव्हतं. उठताना तो आपल्या कामासाठी काही तक्ते मांडतो, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि प्रत्येकात किती घरं आहेत ते सांगतो. पुढचा तक्ता मागच्याच्या निम्मा. फलकावरचे चार श्वास सरले आणि आकडा बदलला.

४०९६.

"उतरलं!" कोणीतरी किंचाळलं. "अबे उतरलं!"

"चार हजार हाय अजून! घे ना भाऊ, चार हजारात घे, मी नाई म्हनत नाई!"

"बोली लावा, बोली लावा! उतरून राहिलं थे!"

व्यापाऱ्यांतल्या एकाने घड्याळात पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, "आमी जरासं थांबतो."

२०४८.

"आलं औकातीवर," ढिगावरचा म्हातारा म्हणाला. "धर रे त्याले! तिथंच धर! खांबाले बांध!"

एक तरुण शेतकरी खरंच खांबाला मिठी मारून उभा राहिला. भाई बाजूला झाले. सगळं आवार, अडते, हमाल, व्यापारी, माना वर करून उभं होतं, आणि चार श्वास कोणी घेतले असतील असं मला वाटत नाही.

१०२४.

"गेलं!" खांबाला धरलेला तरुण ओरडला.

म्हातारा ढिगावरून उतरला आणि दोन्ही हात जोडून फलकासमोर उभा राहिला. "कोनी वायर ओढा रे त्याची! आनखी एक घर उतरलं तं तूर देऊन पदरचे पैसे द्या लागतीन!"

आणि मग आवार फुटलं. आधी त्याच्याभोवतीची माणसं हसली, मग त्यांच्यामागची, मग व्यापारी, मग तोंडाला रुमाल लावून अडता. एक बाई तुरीच्या ढिगातच बसली आणि डोळे पुसायला लागली. ज्याने व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता तो आता हसता हसता त्याच खांद्यावर डोकं टेकून होता. कोणाचा हात खाली दगडाकडे गेला नाही. आकडा तिथेच थांबला, कारण कर्नेल उठून झाला होता आणि आता कळफलकाची वाट बघत होता. कारकुनाने धीर करून खरा भाव टाकला, तर लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, जणू भाव त्याने वाढवून दिला.

हसणं ओसरलं तसे सगळे सचिवांकडे बघायला लागले. सचिव फलकाकडून भाईंकडे चालत आले. भाईंनी टोपी काढून हातात धरली होती. मी हमालामागून बाहेर आले, कारण आता लपण्यात अर्थ नव्हता. तोंडात सगळं तयार होतं: भाईंच्या ओळीतला एक शब्द काढला की झालं, पुन्हा असं होणार नाही, एक संधी द्या.

मला बोलायची वेळच आली नाही. सचिवांनी ओठ घट्ट मिटलेले होते आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. मला वाटलं, राग. ते काहीतरी कार्यालयीन बोलायला गेले, आणि हसू न आवरून सगळ्या आवारासमोर ओरडले,

"लावा हो भाई, सगळीकडे लावा! भाव पडला अन् मानसं हासली, असं या यार्डात मी पयल्यांदा पाहून राहिलो!"